बेल्ट न लावणाऱ्या बाईचं होल्स्टर

होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायच्या म्यानाची, परीक्षणं बहुतेक पुरुषच लिहितात. जीन्स, वर दणकट कातडी बेल्ट, त्यावर सैल शर्ट, एवढं त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. मी दिवसभर लेगिंग आणि कुर्त्यात असते. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या पुढे आमचं गॅस स्टेशन आहे. रात्री गल्ला मोजून दुकान बंद करायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. त्यामुळे हे परीक्षण माझ्यासारख्या, बेल्ट न लावणाऱ्या आणि दिवसाचा अर्धा वेळ स्टुलावर बसणाऱ्या बायकांसाठी आहे.

कायद्याचं एकदाच सांगून मोकळी होते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, बंदूक बाळगायला पात्र असलेल्या २१ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ ठेवता येतं. दिसेल असं ठेवलं तर ते होल्स्टरमध्येच हवं. मी तरीही परवाना काढलेला आहे, कारण लुइझियाना-ओक्लाहोमात जाणं-येणं असतं आणि तिथे तो चालतो. आणि एच-१बी वर नुकत्याच आलेल्या भाच्यापुतण्यांनो, नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हौस म्हणून हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

माझं पिस्तूल सिग साऊअर पी३६५. हे २०१८ मध्ये बाजारात आलं. नळी तीन इंचांहून जराशी मोठी, रिकाम्या पिस्तुलाचं वजन अर्धा किलो, मूळ मॅगझिनमध्ये १० गोळ्या. लहान आहे म्हणून कशातही मावेल असं वाटतं. मावतंही. पण मावणं आणि अंगावर दहा तास विसरून जाणं यात फार अंतर आहे.

पर्समध्ये ठेवायचा सल्ला मला सगळ्यांत आधी बायकांनीच दिला. पर्स काउंटरखाली राहते आणि आपण मागच्या कूलरमध्ये दुधाचे कॅन लावत असतो. शिवाय किल्ल्या, पेन, लिपस्टिक अशा वस्तूंच्या गर्दीत उघडा ट्रिगर ठेवायची कल्पनाच मला सहन होत नाही. तो विषय तिथेच संपला.

पोटाला गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा म्हणजे बेली बँड. स्वस्त असतो, कुठल्याही कपड्याखाली जातो आणि पहिले दोन तास अगदी छान वाटतो. मी घेतलेल्या पट्ट्यात पिस्तुलासाठी नुसता कापडी कप्पा होता. ट्रिगरवर कापड, म्हणजे बाहेरून बोट दाबलं तर आत पोचतं. हे चालणार नाही. होल्स्टर कितीही मऊ असो, ट्रिगर आणि त्याच्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारं काहीतरी टणक त्यात हवंच. यात मी तडजोड करणार नाही आणि कुणी करू नये. कापडी कप्प्याचा दुसरा त्रास असा की पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटतं, मग परत आत घालायला दोन्ही हात लागतात. आणि ह्यूस्टनचा ऑगस्ट! दुपारनंतर पट्टा ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो.

चामड्याबद्दल थोडं आदराने बोलते. चांगलं चामडं काही आठवड्यांत अंगाचा आकार घेतं, टोचत नाही, आवाज करत नाही. आमच्या घरी कोल्हापुरी चपला वापरून मऊ करायची सवय, त्यामुळे मला धीर होता. पण इथली दमट हवा आणि घाम रोज पिऊन चामडं सैल पडतं. तोंडाशी सैल पडलेल्या चामड्याची कड पिस्तूल आत घालताना ट्रिगरच्या कडीत शिरू शकते, आणि अशाने गोळी सुटल्याचे प्रकार झालेले आहेत. तोंडाला धातूची पट्टी शिवून घेतलेलं, जाड, ताठ चामड्याचं होल्स्टर यातून सुटतं, मात्र त्याला तितकाच ताठ बेल्ट लागतो. म्हणजे फिरून पुन्हा जीन्स.

मग उरतं कायडेक्स. हे एक प्रकारचं प्लॅस्टिक. त्याची शीट तापवून पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवतात, त्यामुळे प्रत्येक मॉडेलला वेगळा साचा असतो. पिस्तुलावर टॉर्च लावला असेल तर टॉर्चसकटचा साचा मागायचा. 'युनिव्हर्सल' लिहिलेलं काहीही घेऊ नका. पिस्तूल आत गेलं की ट्रिगरच्या कडीपाशी 'टक' असा आवाज येतो, तेवढ्यावर ते धरून राहतं, आणि किती घट्ट धरायचं ते स्क्रूने ठरवता येतं. घाम पुसला की झालं. माझ्याकडे एका क्लिपवर अडकणारं, पँटच्या आत घालायचं साधं कायडेक्स होल्स्टर आहे आणि जीन्सच्या दिवशी मी तेच लावते.

आता शरीराचं. पुरुष उजव्या कंबरेवर, जरा मागे लावतात. बाईच्या कंबरेखाली नितंबाचा उतार बाहेर येतो, त्यामुळे तिथे लावलेल्या पिस्तुलाचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ बरगडीत घुसते. शिंक आली तरी कळतं. म्हणून पोटाच्या पुढच्या बाजूला, बेंबीच्या जरा उजवीकडे लावलेलं पुष्कळ बायकांना सोयीचं पडतं. तिथे दोन छोट्या गोष्टींनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एक क्लॉ: होल्स्टरच्या बाजूला लावलेला प्लॅस्टिकचा कोंभ. तो बेल्टवर टेकून मूठ पोटाकडे वळवतो, म्हणून कपड्यावर टेंगूळ दिसत नाही. दुसरी वेज, म्हणजे नळीच्या टोकाशी आतून चिकटवायची फोमची पाचर. तिने टोक ओटीपोटात रुतत नाही आणि वरचा भाग आपोआप अंगालगत येतो. ही पाचर काही डॉलरांत येते आणि कित्येक महागड्या होल्स्टरांपेक्षा जास्त आराम देते.

पण क्लॉला टेकायला बेल्ट लागतो आणि लेगिंगला तो नसतो. इथे मला उपयोगी पडलं ते फ्लस्टर कंपनीचं एनिग्मा. यात होल्स्टर पँटला अडकतच नाही. कंबरेखाली, थेट अंगावर किंवा आतल्या कपड्यावर, एक अरुंद पट्टा बांधायचा. त्याला एक चौकट असते आणि चौकटीवर तुमच्या पिस्तुलाचं कायडेक्स स्क्रूने बसवायचं. मांडीभोवती एक बारीक दोरीसारखा पट्टा जातो, त्यामुळे पिस्तूल ओढताना सगळं वर येत नाही. क्लॉ चौकटीवरच टेकतो. वरून लेगिंग, सलवार, नाडीची पँट, काय हवं ते घाला. उंची, तिरपेपणा, पट्ट्याची जागा, सगळं बदलता येतं. बदलावंही लागतं. पेटीतून काढलं आणि बांधलं असं होत नाही, एक-दोन संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायची तयारी ठेवा. किंमत शंभर डॉलरच्या वर जाते. मला ती पटली.

खरी कसोटी बसल्यावर लागते. आरशासमोर उभं राहून सगळंच छान दिसतं. मी होल्स्टर स्टुलावर बसून, गाडीचा सीटबेल्ट लावून, खाली वाकून लॉटरीच्या तिकिटांचं खोकं उचलून बघते. बसल्यावर टोक जांघेत टोचलं तर पट्टा अर्धा इंच वर घ्यायचा. मूठ पोटात रुतली तर खाली. एनिग्मात हे जमतं, एका क्लिपवाल्यात फारसं नाही.

कुर्त्यांचंही सांगते. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता लपवतो भरपूर, पण वर उचलायला वेळ लागतो. मांडीच्या मध्यापर्यंतचा, बाजूच्या चिरा उंच असलेला सुती कुर्ता उत्तम. छापील, दाट नक्षीचा असेल तर आकार नजरेला कळतच नाही. एकरंगी जॉर्जेट मात्र सगळं सांगून टाकतं. पिस्तूल पूर्ण रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोजच्या कपड्यांत कुर्ता उचलून काढायचा सराव केल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि परत आत घालताना घाई नको. कुर्त्याचं टोक आत गेलं नाही ना हे डोळ्यांनी बघून घाला.

एनिग्माची अडचण त्याच्या रचनेतच आहे: ते चटकन निघत नाही. पोस्टात पिस्तूल नेता येत नाही, त्यांच्या पार्किंगमध्येही नाही. शाळेत नाही, आणि निम्म्याहून जास्त उत्पन्न बसून प्यायच्या दारूवर असलेल्या, लाल '५१%' पाटीच्या जागी नाही. खाजगी दुकानांच्या दारावर ३०.०६ ची (टेक्सासच्या कायद्यातल्या त्या कलमाची) पाटी असेल तर परवानाधारकाला लपवून आत नेता येत नाही. आमच्याकडे गणपतीचा कार्यक्रम शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन होतो, त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीतच. (टेक्सासमध्ये निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर ठेवणाऱ्याचा तो गुन्हा ठरतो, तेव्हा तिजोरी होल्स्टरच्या आधी घ्या.) अशी कामं असतील त्या दिवशी मी जीन्स आणि क्लिपवालं होल्स्टर लावते, कारण ते पिस्तुलासकट एकत्र निघतं आणि गाडीतल्या कुलपाच्या डब्यात तसंच जातं. गाडीत बसून उघडं पिस्तूल हाताळायची वेळच येऊ नये.

घ्यायला जाल तर आधी 'ब्लू गन' मागा, म्हणजे त्या मॉडेलच्या आकाराची प्लॅस्टिकची नकली बंदूक. बऱ्या दुकानांत असते. ती घालून दुकानातल्या खुर्चीवर पाच मिनिटं बसून बघा, विक्रेता कितीही घाई करो. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेतात का ते आधी वाचा. आणि डावखुऱ्या असाल तर ऑर्डर करताना ते तपासा, कारण पर्याय आपोआप 'उजवा' धरलेला असतो.