टोपीच्या फोटोंसाठी रत्नागिरीत पोर्टफोलिओ शूट, ५ पैकी ३ स्टार

हॅट मॉडेलिंग सुरू करायचंय, त्यासाठी पोर्टफोलिओ हवा म्हणून रत्नागिरीतल्याच एका स्टुडिओत शूट केलं. साडेसहा हजार, त्यात मेकअप आणि १५ एडिट केलेले फोटो. नाव लिहीत नाही कारण माणसं चांगली आहेत, लग्नाचे फोटो तर एक नंबर काढतात, पण टोपी हा प्रकार वेगळाय हे त्यांना माझ्यामुळेच कळलं असावं. (आजीला अजून कळलेलं नाही. "गो बाय, डोक्यावर कायतरी घालून उभंच ऱ्हवायचं तर इरलं घे नि लावणीला चल.")

पहिला दिवस मांडवीच्या किनाऱ्यावर, दुपारी तीनला! टोपीची कड रुंद, ऊन वरून आणि खाली मांडवीची काळी वाळू, मग डोळ्यांपर्यंत उजेड येणार कुठून? सगळ्या फोटोंत नाकापर्यंत अंधार नि हनुवटी तेवढी चकचकीत. फोटोवाले दादा म्हणाले एडिटमध्ये उजेड उचलतो, उचललं, तर चेहरा राख फासल्यासारखा. मी कुरकुर केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आरे-वारेला आले, जादा पैसे नाही घेतले, हे मात्र मानलं. तिथली वाळू पांढरट, ती खालून उजेड फेकते, शिवाय मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल नेलेला तो भावाला माझ्या छातीशी आडवा धरायला लावला आणि एकदम डोळे दिसायला लागले. दादा स्क्रीन बघून दोन मिनिटं गप्पच.

वारा होताच, त्यात माझं डोकं ५६ सेंटीमीटर (टेप कपाळाच्या मधून, कानांच्या जरा वरून फिरवायची) आणि हॅट ५८ची, मग आतल्या पट्टीत पेपरची घडी घातली. मेकअपवाल्या ताईंनी कपाळभर फाउंडेशन लावलं आणि मैत्रिणीच्या पांढऱ्या हॅटच्या पट्टीला डाग पडला, तो अजून गेला नाहीये. कपाळ कोरडं ठेवायला सांगा.

खरा राग आला तो एडिटचा. विचारलं न विचारलं, केसांची रेघ खाली आणली, कपाळ छोटं केलं! अहो टोपीवाल्यांना डोकं आहे तसंच बघायचं असतं. टोपी नाही, मेकअप नाही, केस मागे बांधलेले, समोरून आणि बाजूने असे साधे फोटो त्यांनी काढलेच नाहीत. ते शेवटी भावाने पडवीतल्या भिंतीसमोर मोबाईलवर काढले, आणि मुंबईच्या ज्या ब्रँडला सगळं पाठवलं त्यांनी नेमके तेच आणखी मागितले.

थर्माकोल स्टुडिओतच राहिलाय, परवा गेले तर त्यावर कुणाच्या तरी प्री-वेडिंगचं शूट चालू होतं.