भाड्याच्या फ्लॅटचं व्हिडिओ शूटिंग: पैसे वसूल, पण अर्धेच

पुण्यात भाड्याचे फ्लॅट सांभाळणारे हल्ली मालकाला व्हिडिओ सेवाही देतात. बाणेरच्या एका टू बीएचकेसाठी घेतलेल्या अशा सेवेत दोन व्हिडिओ मिळाले: एक जाहिरातीचा, एक ताबा देतानाचा.

जाहिरातीचा चकचकीत, पण अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने काढलेला. दहा बाय दहाची बेडरूम हॉलएवढी दिसते आणि भाडेकरू दारातच नाक मुरडतो. साध्या 1एक्स लेन्सने, छातीच्या उंचीवरून, खिडकीकडे पाठ करून काढायला हवा होता.

ताब्याचा व्हिडिओ खरा कामाचा. सुरुवात दारावरच्या नंबरपासून, मग वीजमीटरचं रीडिंग, तिथून न कापता सलग घरभर. किचन ट्रॉल्या उघडून, गीझर चालू करून, फ्लश ओढून दाखवलाय. सिंकखालच्या पाइपाला टॉर्च लावून थेंब टिपलाय, हे फार आवडलं. ड्राय बाल्कनीतली ओल मात्र सुटली. डिपॉझिटवरून वाद होतो तो नेमका अशाच डागांवर. शिवाय वर संगीत चढवलंय. मग पंख्याची खरखर ऐकू कशी येणार?

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या व्हिडिओसारखी आली, त्यामुळे दाबली जाऊन टाइलवरचे तडे पुसट झाले. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर 2 जीबीपर्यंत मूळ दर्जात जाते.

लीव्ह अँड लायसन्स कराराची (भाडेकराराची) नोंदणी आणि सामानाची सही केलेली यादी तरीही लागतेच. पाचपैकी तीन.