आठवीपासूनची शाळा निवडताना : मुंबईतील खासगी सहशिक्षण शाळांविषयी

माध्यमिक शाळेची पारख तिच्या नववीच्या वर्गावरून करावी, असे या वर्षीच्या शोधानंतर माझे ठाम मत झाले आहे. मुलीची शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे आठवीसाठी दादर ते विलेपार्ले या पट्ट्यातील खासगी सहशिक्षण शाळा आम्ही पाहिल्या. त्यांत जुन्या शिक्षणसंस्थांच्या अनुदानित शाळा होत्या, तशाच संस्थांनी पुढे काढलेल्या विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा होत्या आणि नावात ‘इंटरनॅशनल’ लावणाऱ्या, काचेच्या दर्शनी भागाच्या नव्या शाळाही होत्या. माहितीपत्रकांत सगळीकडे बालवर्गाच्या रंगीत खोल्या आणि दहावीचे निकाल असतात. नववीचा उल्लेख क्वचितच असतो, आणि शाळा खरी कशी आहे हे तर तिथेच कळते.

याचे पहिले कारण कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे संरक्षण संपते. याच कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर विनाअनुदानित शाळेत शिकलेल्या मुलाला नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागते किंवा दुसरी शाळा शोधावी लागते. अशा मुलांचे पुढे काय होते, हा प्रश्न मी प्रत्येक विनाअनुदानित शाळेत विचारला. एका शाळेने संस्थेच्या निधीतून दहावीपर्यंत फी-सवलत देत असल्याचे सांगितले आणि अर्जाचा नमुनाही दाखवला. एका ठिकाणी मात्र ‘त्यांचे पालक आपापले बघतात’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या मुलीचा या राखीव जागांशी संबंध नव्हता, तरीही दुसरी शाळा मी त्याच क्षणी यादीतून काढली. ज्या वर्गातून काही मुले आठवीनंतर निमूटपणे नाहीशी होतात, त्या वर्गात उरलेल्या मुलांनाही काहीतरी शिकवले जात असते.

दुसरे कारण शंभर टक्के निकालाचे. फाटकावरच्या फलकावर दहावीचा शंभर टक्के निकाल झळकत असेल, तर पालकांनी एकच आकडा मागावा : त्या मुलांची तुकडी नववीत होती तेव्हा तिचा पट किती होता आणि त्यांतले किती जण शाळेतर्फे दहावीला बसले? नववीची परीक्षा शाळा स्वतः घेते. कच्च्या मुलाला नववीत नापास करणे, पालकांना बोलावून दाखला घेऊन जायला सुचवणे किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असा सल्ला देणे, हे निकाल राखण्याचे मार्ग मुंबईतल्या पालकांना चांगले माहीत आहेत. सतरा नंबरचा अर्ज हा शाळा सुटलेल्यांना, नोकरी करणाऱ्यांना, मोठ्या वयात परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांना मिळालेला फार मोलाचा रस्ता आहे. त्याचा उपयोग शाळेची टक्केवारी सांभाळण्यासाठी व्हावा याचा मला मनापासून राग येतो. एका नामवंत शाळेच्या कार्यालयात हा आकडा मागितला तेव्हा ‘अशी माहिती देत नाही’ म्हणून खिडकी बंद झाली. त्याउलट एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी नववीचे निकालपत्रक समोर ठेवले, गणितात मागे राहिलेल्या मुलांसाठी दिवाळीनंतर शाळा सुटल्यावर घेतलेल्या तासांची हजेरी दाखवली, आणि त्यांतले दोघे दहावीत नापास झाले हेही सांगितले. त्यांच्या फलकावर शंभर टक्के नव्हते. माझ्या लेखी तो त्या शाळेचा सर्वांत मोठा गुण होता.

मंडळाबाबतही नववीच निर्णायक ठरते. केंद्रीय मंडळ (सीबीएसई) आणि आयसीएसईवाले मंडळ ही दोन्ही मंडळे विद्यार्थ्यांची नोंदणी नववीत करून घेतात. त्यामुळे ‘सीबीएसई पॅटर्न’ असे मोघम शब्द वापरणाऱ्या शाळेत आठवीपर्यंत काही बिघडत नाही. नववीत मात्र संलग्नता नसल्याचे उघड होते आणि मुलांना ऐनवेळी दुसऱ्या शाळेच्या नावावर बसवण्याची धावपळ सुरू होते. संलग्नता क्रमांक मागावा, तो मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि तो दहावीपर्यंतचा आहे ना, हे वाचावे. राज्य मंडळाच्या शाळेबाबत अकरा अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदक्रमांक) आणि माध्यमिक वर्गांची मान्यता पाहावी. मुंबई महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते. ती चाळायला पाच मिनिटे पुरतात. मराठी विषयाची काळजी कोणत्याही मंडळात वेगळी करावी लागू नये, कारण २०२० च्या कायद्याने तो राज्यातील सर्व शाळांत सक्तीचा झाला आहे. तरी तो कोण शिकवते आणि आठवड्याला किती तास, हे विचारलेले बरे.

आता सहशिक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्या शोधात हा मुद्दा अनपेक्षितपणे मोठा ठरला. मुंबईत माटुंग्याचे डॉन बॉस्को मुलांचे, तर जे. बी. पेटिट मुलींचे, अशी जुनी परंपरा आजही आहे. दुसरीकडे १९२१ मध्ये सुरू झालेले पार्ले टिळक विद्यालय किंवा दादासाहेब रेगे यांनी १९४० मध्ये स्थापन केलेले बालमोहन विद्यामंदिर यांसारख्या शाळांत मुले-मुली एकत्र शिकतात. मुलगी आणि तिच्यामागून येणारा धाकटा भाऊ एकाच शाळेत जावेत आणि दोघांनाही बरोबरीने वावरायची सवय लागावी, म्हणून आम्ही सहशिक्षणाचा आग्रह धरला होता. पण मान्यतापत्रावर ‘सहशिक्षण’ लिहिलेले असणे वेगळे आणि चौदा वर्षांची मुले-मुली खरोखर एकत्र शिकणे वेगळे. काही शाळांत नववीपासून मुलींची एक आणि मुलांची दुसरी अशी तुकडीच करतात. काही ठिकाणी वर्ग एकच, पण मध्ये रिकामी वाट ठेवून अलीकडे मुली, पलीकडे मुले, आणि एकमेकांकडून वही मागितली तरी वर्गशिक्षकांकडे तक्रार जाते. अशा शिस्तीत मुले एकमेकांशी बोलायला शाळेबाहेर शिकतात आणि अर्धवट शिकतात.

म्हणून मी तीन जागा पाहिल्या. पहिली मैदान. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलगे मैदानभर क्रिकेट खेळत असतील आणि मुली कडेला ओळीत बसून गप्पा मारत असतील, तर ती शाळा निम्म्याच विद्यार्थ्यांना मैदान देते. एका शाळेत मुला-मुलींचे मिश्र खो-खोचे संघ खेळताना पाहिले. सर शिट्टी घेऊन उभे होते आणि एक मुलगी मुलाला ‘खो दे ना लवकर’ म्हणून खडसावत होती. तो निमूट उठून धावला. दुसरी जागा मुलींचे स्वच्छतागृह. कडी आतून लागते का, दुपारच्या सत्रातही पाणी असते का, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा आहे का, आणि नवे पॅड कोणाकडे मागायचे हे मुलींना माहीत आहे का, हे पाहिले. ही पाहणी मुलीच्या आईनेच करावी असेही नाही. वडिलांनी हे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारावेत. तिसरी जागा तक्रारपेटी. ऑगस्ट २०२४ मधल्या, बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्ही सगळ्याच शाळा दाखवतात, पण शासनाने २०२२ मध्येच प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितले आहे. समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली आणि पेटीची किल्ली कोणाकडे असते, याचे सरळ उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळाले. एका विनाअनुदानित शाळेतल्या समुपदेशक बाई मुलग्यांचे वेगळे आणि नंतर मुला-मुलींचे एकत्र असे तास घेतात, आणि त्या तासांचे विषय पालकसभेत आधी सांगतात. फीचा विचार बाजूला ठेवला, तर या एका गोष्टीसाठी ती शाळा मी वरच्या क्रमांकावर ठेवीन.

प्रयोगशाळा बघायची तर प्रयोगवही मागावी. स्मार्ट बोर्ड, रोबोटिक्सची खोली यांनी माझे समाधान झाले नाही. राज्य मंडळाच्या नववीत ओहमचा नियम आहे. व्होल्टमीटर आणि अँमीटरची वाचने घेऊन आलेख काढायचा असतो. एका मोठ्या शाळेत चाळलेल्या सगळ्या वह्यांत वाचने दशांशापर्यंत तंतोतंत एकच होती, म्हणजे ती फळ्यावरून उतरवलेली होती. दुसऱ्या, रंग उडालेल्या भिंतींच्या शाळेत प्रत्येक गटाची वाचने वेगळी होती, एका वहीतला बिंदू रेषेपासून बराच लांब पडला होता आणि शेजारी बाईंनी लाल शाईत ‘जोडणी सैल होती का? पुन्हा घे’ असे लिहिले होते. त्या खोलीत उपकरणे जुनी होती, पण वापरलेली दिसत होती.

अंतराविषयी मुंबईकराला फार सांगायला नको. सचिन तेंडुलकर क्रिकेटसाठी वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये गेला, तेव्हा प्रवासात दिवस जाऊ नये म्हणून त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहावे लागले. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत विनोद कांबळीबरोबर त्याने केलेली ६६४ धावांची भागीदारी सर्वांना आठवते. तिच्यामागे घराबाहेर राहण्याची ही तडजोड होती. एखाद्या मुलाच्या विशेष गुणासाठी असे करणे समजू शकते. केवळ शाळेच्या नावासाठी सकाळच्या सत्राला पहाटे लोकल पकडणारी आणि संध्याकाळी क्लासमधून परतणारी नववीतली मुले मी पाहते, तेव्हा त्यांना खेळायला, चित्रकलेच्या इंटरमिजिएटची तयारी करायला किंवा नुसते वाचायला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न पडतो.

फीबाबत विनाअनुदानित शाळांत २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याचा उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीने नेमली जाते आणि तिने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षे वाढवता येत नाही, एवढे माहीत असले तरी पुरते. समितीची नावे सूचनाफलकावर आहेत का, ते पाहावे. इमारत निधी किंवा देणगी अशा नावांनी प्रवेशासाठी वेगळी रक्कम मागणे हे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. नववीपासून शाळेच्याच वेळेत ‘फाउंडेशन’ वर्ग (पुढच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे) चालवून त्याची वेगळी फी घेणाऱ्या शाळांपासून आम्ही दूर राहिलो, कारण त्यासाठी चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचे तास कापलेले वेळापत्रकात दिसत होते.

एवढे पाहून आम्ही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची, जुन्या संस्थेची अनुदानित, सेमी-इंग्रजी शाळा निवडली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, ही रचना माझ्या मते या शहरातल्या मराठी घरांतील मुलांना सर्वांत मानवते : पुढे अकरावीला विज्ञानाची परिभाषा अडत नाही आणि इतिहास, भूगोल आपल्या भाषेत समजून लिहिता येतो. मात्र अनुदानित म्हटले की आपोआप चांगली, असेही मी म्हणणार नाही. या शाळांचा पट घटतो आहे, तुकड्या बंद होत आहेत, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकसंख्या ठरवताना, पदे कमी होतात आणि रिकामे पद शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलमधून भरले जाईपर्यंत वर्ष निघून जाते. निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले की तास बुडतात. आमच्या शाळेत संगणक कक्षातली निम्मी यंत्रे बंद आहेत आणि ग्रंथपाल नाही. वाचनालयाची कपाटे आठवड्यातून एकदाच उघडतात.

म्हणून अनुदानित शाळेत प्रवेश घेण्याआधी गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांना नववीत कायम शिक्षक आहेत का, त्यांपैकी कोणी येत्या दोन वर्षांत निवृत्त होणार आहे का, हे स्पष्ट विचारावे. आमच्या शाळेत गणिताच्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोण येणार, हे पालकसभेत मी विचारले तेव्हा संस्था तात्पुरता शिक्षक स्वतःच्या खर्चाने नेमेल असे लेखी आश्वासन मिळाले, आणि त्यानंतरच मुलीचा दाखला मी त्या शाळेत जमा केला.