‘व्हॉल्यूम लायसन्स’च्या नावाखाली ३,०३,४९६ रुपये गेले. तुमच्या ऑफिसची मशीन आजच तपासा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. ऑफिस, स्टोअर आणि डिझाईन मिळून २२ कॉम्प्युटर आणि दोन सर्व्हर. एका सर्व्हरवर टॅली, दुसऱ्यावर ड्रॉइंगच्या फाईली. हिशेब आणि ऑफिस मी सांभाळते, शॉप माझे दीर बघतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज आणि ऑफिसचं व्हॉल्यूम लायसन्स (अनेक मशीनसाठी कंपनीच्या नावाने करारावर एकत्र घ्यायचं लायसन्स) म्हणून आमच्याकडून ३,०३,४९६ रुपये घेतले आणि हातात एकही लायसन्स आलं नाही. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. पण तो अजून याच भागात कोटेशन देत फिरतोय, म्हणून पद्धत सगळी लिहिते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता. त्याच्या महिनाभर आधी सगळ्या एमआयडीसीत एकच धांदल होती आणि तेव्हाच हा आला, तोही ओळखीतून. शेजारच्या युनिटमध्ये त्याने काम केलं होतं. ऑनलाइन ५०० रुपयांत ‘की’, म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, विकणारे असतात, हे मलाही माहीत आहे. तसल्या नादाला आम्ही लागलो नव्हतो. याचं दुकान होतं, जीएसटी नंबर होता, छापील लेटरहेडवर कोटेशन होतं. विंडोज ११ प्रो २२ नग, प्रत्येकी ३,९०० प्रमाणे ८५,८००. ऑफिस एलटीएससी २०२४ प्रत्येकी ५,२०० प्रमाणे १,१४,४००. दोन विंडोज सर्व्हर स्टँडर्ड ५७,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४६,२९६. अर्धी रक्कम, म्हणजे १,५१,७४८ रुपये ॲडव्हान्स आणि उरलेली काम झाल्यावर. सगळं एनईएफटीने, बिलावर. यापेक्षा जास्त खबरदारी छोट्या कारखान्याने घ्यायची तरी कशी?

बाकीच्यांचे भाव याच्यापेक्षा बरेच चढे होते. मी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ते सुटे विकतात, मी व्हॉल्यूममध्ये देतो.” आणि नीट बघितलं तर सर्व्हरच्या ओळीत कॅलचा, म्हणजे सर्व्हर वापरण्याच्या परवान्याचा, उल्लेखच नव्हता. सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा मशीनसाठी कॅल वेगळं घ्यावं लागतं, सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि कमीत कमी १६ कोअरचं घ्यावं लागतं. जो माणूस कोअर किती, वापरणारे किती, हे न विचारता सर्व्हरचा भाव सांगतो, त्याला तिथूनच परत पाठवा.

आता जे आठवून अजून झोप लागत नाही ते सांगते. त्याचा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. पहिल्याच मशीनवर विंडोज डिफेंडर या अँटीव्हायरसने लाल इशारा दिला, त्यात ‘हॅकटूल’ असा शब्द होता. पोरगा म्हणाला, “कॉर्पोरेट की असली की असं दाखवतं मॅडम, पाच मिनिटं बंद करतो.” मग काळी खिडकी उघडून त्याने दोन-तीन ओळी टाकल्या आणि सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान माझ्यासमोर धरलं. विंडोज ॲक्टिव्हेटेड. त्याखाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की हे तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेतून झालं आहे. मी ते वाचलं. आमच्या संस्थेची कुठली सेवा? आमच्याकडे तसलं काही कुणी बसवलंच नव्हतं! मी तसं विचारलंही. “व्हॉल्यूममध्ये असंच येतं,” एवढं उत्तर आलं. मी कॉमर्सची पदवीधर आहे, आयटीवाली नाही. हिरवी खूण दिसत होती, बिल हातात होतं. मी उरलेले १,५१,७४८ सोडले.

ती सेवा म्हणजे केएमएस. कायदेशीर पद्धत अशी की कंपनी स्वतःच्या सर्व्हरवर केएमएस होस्ट उभा करते, त्यावर आपल्या कराराची की टाकते आणि ऑफिसातली मशीन त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. मशीन दर सात दिवसांनी होस्टला विचारून मुदत पुन्हा १८० वर नेतं. आमच्या मशीनवर ज्या की टाकल्या त्या मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी छापलेल्या सर्वसाधारण की होत्या, ज्यांना एक रुपया लागत नाही. आणि होस्ट म्हणून जोडला होता इंटरनेटवरच्या कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता.

आणखी एक. विंडोजच्या डेस्कटॉप मशीनना केएमएसने ॲक्टिव्हेट करायला होस्टकडे कमीत कमी २५ मशीनची नोंद लागते. आमची सर्व्हर धरूनही २४. म्हणजे आमच्या ऑफिसात खरा केएमएस लावला असता तरी आमचे डेस्कटॉप त्याच्यावर ॲक्टिव्हेट झालेच नसते. हे या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल, हे मी मान्यच करणार नाही. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मार्च उजाडला आणि एकेका मशीनचा वॉलपेपर काळा होऊ लागला, कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. एक्सेलवर लाल पट्टी. एरर सी००४एफ०७४, म्हणजे होस्टशी संपर्क होत नाही. टॅलीच्या सर्व्हरवर त्याने केएमएससुद्धा लावला नव्हता, तिथे फुकट मिळणारी १८० दिवसांची इव्हॅल्युएशन, म्हणजे चाचणीपुरती, आवृत्ती टाकली होती. ती मुदत संपली की सर्व्हर तासातासाला आपोआप बंद होतो. मार्चअखेर, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची २० तारीख डोक्यावर आणि टॅली दर तासाला बंद! शेवटी दुसऱ्या माणसाकडून १४,५०० रुपये देऊन तो सर्व्हर नव्याने उभा केला. नवी लायसन्स घेतली त्याचा खर्च आणखी वेगळा.

त्याला फोन केला तर आधी “उद्या पोरगा पाठवतो”, मग फोन बंद. व्हॉट्सॲपवरचे ‘ओरिजनल आहे मॅडम’ हे त्याचे ताजे मेसेज त्याने दोन्हीकडून उडवले. त्याचं बिल जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या २बी मध्ये, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, कधी दिसलंच नाही, त्यामुळे ४६,२९६ चं क्रेडिटही गेलं. जीएसटी घेतला आमच्याकडून, भरला कुठेच नाही. बिल मिळाल्यावर पुढच्या महिन्यात २बी उघडून बघा, उरलेले पैसे त्यानंतरच द्या.

पोलीस ठाण्यात गेले. “माल चालला ना सहा महिने? मग ही दिवाणी बाब आहे.” वर मलाच प्रश्न, “बाई, तुम्ही पायरसी वापरत होता, तुमच्यावरच केस होईल.” कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात ‘जाणूनबुजून’ वापरणाऱ्याला शिक्षा आहे. तीन लाख मोजून, बिल घेऊन जाणूनबुजून चोरीचा माल कोण घेतं? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे जाऊन फार दिवस झाले, आता खातं गोठवता येत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं, व्यावसायिक वापरासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राने बनावट मालाची तक्रार करायचा फॉर्म दिला आणि खरं लायसन्स घ्यायला सुचवलं. कर भरणारी, पगार देणारी माणसं आम्ही. आम्हाला लुटलं तर दाद द्यायला एकही खिडकी उघडी नाही, आणि लुटणाऱ्याला मात्र सगळे रस्ते मोकळे. हे लिहितानासुद्धा माझा हात थरथरतोय.

शेवटी वकिलांनी मार्ग दाखवला. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र गुन्हा. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. आमची तक्रार स्पीड पोस्टाने गेली आहे, पोच माझ्याकडे आहे.

ॲक्टिव्हेशन आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराची चावी हातात आली म्हणून सातबारा आपल्या नावावर होत नाही. खऱ्या व्हॉल्यूम लायसन्सला तुमच्या कंपनीच्या नावाचा करार असतो आणि मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर तुमच्याच लॉगिनमध्ये लायसन्स आणि की दिसतात. विक्रेता ‘माझ्या लॉगिनमध्ये आहे’ म्हणाला तर पैसे देऊ नका. डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे फक्त अपग्रेड असतं, मशीनवर आधीचं पात्र लायसन्स लागतं. असेंबल केलेल्या कोऱ्या मशीनवर कुणी थेट व्हॉल्यूम विंडोज विकत असेल तर ते खोटं आहे.

आणि ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर’, एक जागा सोडून ‘/डीएलव्ही’, हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. खिडकीत केएमएस मशीनचं नाव अनोळखी दिसलं, किंवा मुदतीपुढे २,५९,२०० मिनिटं, १८० दिवस असं काही दिसलं आणि तुमच्या ऑफिसात केएमएस होस्ट नसेल, तर विक्रेत्याला फोन करू नका. आधी प्रत्येक मशीनच्या त्या खिडकीचा फोटो काढा, व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, बँकेचा एनईएफटीचा उतारा आणि बिलाची मूळ प्रत बाजूला काढा. त्याला कुणकुण लागली की ताजे मेसेज पहिल्यांदा जातात.