फरदडमुक्त गावाचं प्रशिक्षण: संच घ्या, पण एक पोस्टर घडी घालून ठेवा

बोंडअळीची प्रशिक्षणं खान्देशात पोत्यानं होतात आणि बहुतेक फवारणीच्या पंपापाशी संपतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी एक-दोन वेचण्यांसाठी पाणी देऊन राखलेली कपाशी, सोडवण्याचं हे दोन दिवसांचं प्रशिक्षण त्या जातीचं नाही. अळीला अर्धा तास, बाकी सगळा वेळ माणसांना: एकाचं बघून दुसरा का करतो, गावाची रीत कशी पडते आणि कशी मोडते. शेतकरी गटप्रमुखांसाठी आहे. सोबत संच मिळतो: पुस्तिका, शपथपत्रं, शिवाराचा कोरा नकाशा, चार पोस्टर, दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे).

विषय मात्र अचूक धरलाय. गुलाबी बोंडअळीचं कपाशीवाचून फारसं भागत नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) निघाल्या आणि जूनपर्यंत शिवारात कपाशी उभी राहिली नाही, की तिची साखळी तुटते. पण अख्ख्या शिवारानं मिळून केलं तरच. विहिरीला पाणी असलेल्या एकानं फरदड ठेवली की शेजारच्या चौघांची मेहनत वाया. म्हणून पारावर उत्तर तयार असतं: "समदा ठेवतस, मंग मी एकलाच काब्र उपटू?" (सगळेच ठेवतात, मग मी एकट्यानंच का उपटू?) या माणसाला अडाणी ठरवून भागत नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. प्रशिक्षण तिथूनच सुरू होतं, हे आवडलं.

पहिला दिवस पैसे वसूल. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा 1951 चा रेघांची लांबी ओळखण्याचा प्रयोग इथे कार्डांऐवजी पऱ्हाटीच्या काड्यांवर करून घेतात. कोणती काडी मापाच्या काडीएवढी, हे आंधळ्यालाही कळेल. पण आधीचे सहा जण ठरवून चुकीची काडी दाखवतात आणि सातवा चुळबुळ करतो. मूळ प्रयोगात साथीदार ठरवून चुकीचं बोलले त्या फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकीची आली. मात्र एक जरी साथीदार खरं बोलला, तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास उतरलं. यातून काढलेला धडा कामाचा आहे: ग्रामसभेत एकटा माणूस उभा करायचा नाही. दोघं हवेत, आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसलेले. शेजारी बसले की लोक म्हणतात, हे तर ठरवून आलेत.

दुपारचं सत्र मूठभरांच्या ताकदीवर. मानसशास्त्रज्ञ मॉस्कोव्हिसींच्या 1969 च्या प्रयोगात सहापैकी दोघं निळ्या रंगाला ठामपणे हिरवा म्हणत राहिले, तेव्हा इतरांची 8 टक्क्यांहून थोडी जास्त उत्तरं फिरली. तेच दोघं मधूनमधून डगमगले तेव्हा जेमतेम सव्वा टक्का. जोडीला अंमळनेरचे साने गुरुजी येतात. पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून मे 1947 मधलं उपोषण सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढून लोकमत तयार केलं होतं, यावर इथे नेमका भर दिलाय.

दुसऱ्या दिवशी गाडी घसरते. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन गृहिणींना काळीज, गुर्दे रांधायला लावून पाहिलं. व्याख्यान ऐकून सुमारे 3 टक्क्यांनी रांधलं. आपसात चर्चा करून शेवटी हात वर केलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. हे सगळं शिकवतात कसं? दीड तासाचं व्याख्यान देऊन!

मग येतो "25 टक्के झाले की गाव आपोआप फिरतं" हा दावा. हा दावा ज्यावर उभा आहे तो 2018 चा प्रयोग 20 ते 30 जणांच्या ऑनलाइन गटांत झाला, एका चित्राला कोणतं नाव द्यायचं एवढ्यावर. तिथे कुणाच्या दोन वेचण्यांचे पैसे बुडत नव्हते. शिवाय शिवारभर विखुरलेले 25 टक्के अळीला अडवत नाहीत. लागून लागून असलेले जमिनीचे 12-15 गट (गट क्रमांकाचे तुकडे) धरा, म्हणजे एका पाटचारीवरचे किंवा एका नाल्याकाठचे. त्यांच्या मालकांनाच एकत्र बसवा, उपटायची तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, हात वर करून घ्या, आणि संचातल्या कोऱ्या नकाशावर त्यांचे गट क्रमांक रंगवा. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचू देऊ नका. राहिलेल्या बोंडांतून अळी तिथेच तग धरते. सरपणाला हव्या असतील तर आधी बोंडं झडवा. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

सगळ्यात घातक ते तिसरं पोस्टर: "आजही बहुतेक शेतकरी फरदड घेतात. हे थांबवा!" वाचणाऱ्याला पहिलंच वाक्य लागतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या अश्मीभूत जंगलात (जुनी लाकडं दगड झालेल्या उद्यानात) मानसशास्त्रज्ञ चाल्डिनींच्या चमूनं "आधीच्या अनेकांनी लाकूड नेलं" अशी पाटी लावली, तेव्हा खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास 8 टक्के गेले. "नेऊ नका" एवढ्याच पाटीला 2 टक्क्यांहून कमी. तेव्हा ते पोस्टर पेटीतच राहू द्या. त्याजागी कृषी केंद्राच्या भिंतीवर ज्यांनी उपटलं त्यांची नावं लिहा, तीही त्यांना विचारून.

आणखी एक तक्रार. ॲरिझोना झालं, अमेरिका झाली. पण साक्री तालुक्यातलं बारीपाडा, जिथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं, ते नावालाही नाही. धुळ्यातल्या वर्गात बसून हे खटकतं.

सापळे चांगले आहेत, पण दोन म्हणजे जेमतेम एकराचे. शिफारस हेक्टरी पाचांची आहे. लागोपाठ तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली. एक सापळा येण्याजाण्याच्या वाटेवर टांगा आणि रोजचा आकडा खडूनं फळ्यावर लिहा. कुणाच्या फरदडीमुळे आकडा वाढला ते मात्र लिहू नका. चारचौघांत नाव निघालं की तो माणूस हट्टानं मार्चपर्यंत पाणी देत राहतो.