वाकलेलं पाकीट घेऊ नका: फ्रोझन पफ शीटच्या चीज पेस्ट्रीचे सात महिने

मे महिन्यात भर दुपारी पफ शीटचं, म्हणजे पेस्ट्रीसाठी थर देऊन गोठवलेल्या तयार पिठाच्या पोळ्यांचं, पाकीट दारात आलं, ते लुळं पडलेलं. हातात धरलं तर दोन्ही टोकं खाली झुकली. आणून देणाऱ्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याच्या पिशवीत बर्फाचा पॅकच दिलेला नव्हता आणि बाहेर ३९ अंश. मी फोटो काढून लगेच विकणाऱ्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं की पाकीट फाटलेलं नाही, तारीख उलटलेली नाही, फ्रीझरमध्ये ठेवा, पुन्हा घट्ट होईल.

‘पुन्हा घट्ट होईल’ या तीन शब्दांवरून मी पुढे तीन आठवडे भांडले. घट्ट होतं, पण फुलत नाही. हा अनुभव लिहायला बसले तीही त्यामुळेच.

नोव्हेंबरपासून मी या शीट वापरते आहे. मुलाला कॉलेजजवळच्या कॅफेतल्या चीज डॅनिशची, म्हणजे गोडसर चीजचं सारण भरलेल्या पेस्ट्रीची, गोडी लागली. एक नग २३० रुपये, वर टॅक्स, आणि आठवड्यातून दोनदा. घरात ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) होताच, म्हणून एक पाकीट आणून पाहिलं. आजवर १९ पाकिटं झाली. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येकाची तारीख आणि कसं झालं ते लिहून ठेवलंय, त्यावरूनच हे सांगते आहे. ४०० ग्रॅमच्या पाकिटात दोन शीट, एकीचे चार चौकोन, म्हणजे आठ नग.

खरी डॅनिश म्हणजे यीस्ट घातलेल्या पिठाची. पफ शीटमध्ये यीस्ट नसतं, त्यामुळे घरची पेस्ट्री आतून पावासारखी मऊ न होता कुरकुरीत होते. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर गोड खारी!” अगदी बरोबर बोलल्या. खारीसुद्धा अशीच घड्या घालून लाटलेल्या पिठाची असते. कॅफेतली हुबेहूब चव हवी असेल तर ती या शीटने येणार नाही. आमच्या घरात मात्र आता हीच जास्त आवडते.

सारणाला मला बराच वेळ लागला. क्रीम चीजचा २०० ग्रॅमचा डबा शीटपेक्षा महाग, म्हणून पहिल्यांदा विकतचं श्रीखंड भरलं. ते करू नका. साखर सुटून पातळ होते, कडेने वाहते, आणि ट्रेवर काळी जळते. मग चक्का. म्हशीच्या दुधाचं त्याच दिवशी लागलेलं गोडसर दही आठ तास फ्रीजमध्येच टांगायचं, वरून थोडं वजन ठेवायचं. २५० ग्रॅम चक्क्याला चार मोठे चमचे पिठीसाखर, एक मोठा चमचा दुधाची पावडर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, व्हॅनिला आणि मीठ. कॉर्नफ्लोअर नसेल तर भट्टीत चक्क्याचं पाणी सुटतं आणि तळ ओला राहतो. मीठ दोन चिमटी तरी हवंच, त्याशिवाय ते चीज वाटत नाही, गोड दहीच वाटतं. आमच्याकडे अंडं चालत नाही, त्यामुळे वरून दुधाचाच हात फिरवते. फक्त कापलेल्या कडांना दूध लागू द्यायचं नाही, थर एकमेकांना चिकटतात आणि ती बाजू उचलत नाही.

आता मुख्य गोष्ट, थंडपणा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मला याचं महत्त्व कळलंच नव्हतं, कारण तेव्हा सगळंच नीट होत होतं. शीट म्हणजे मैद्याचा पातळ थर, त्यावर बटर किंवा मार्जरीनचा (वनस्पती तेलापासून केलेल्या बटरसारख्या पदार्थाचा) थर, पुन्हा मैदा. तीनपदरी घडी घालून लाटणं सहा वेळा केलं की थर होतात ७२९. भट्टीत गेल्यावर थरांमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर उचलते. मधलं बटर थरांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. हे घड्यांचं काम करून दिलेलं मिळतं, त्याचेच तर आपण पैसे मोजतो. शीट वाटेतच वितळली की बटर मैद्यात जिरतं आणि थर उरतच नाहीत. मग फ्रीझरमध्ये कितीही दगडासारखं घट्ट करा, घड्या परत येत नाहीत.

त्या दिवशी माझ्या फ्रीझरमध्ये त्याच प्रकारचं एक जुनं, चांगलं पाकीट होतं. आलेलं पाकीट सांगितल्याप्रमाणे रात्रभर गोठवलं. दुसऱ्या दिवशी दोन्हींतली एकेक शीट फ्रीजमध्ये सारखाच वेळ ठेवून मऊ केली, सारखंच सारण भरलं आणि एकाच ट्रेवर शेजारी शेजारी भाजली. जुनी दोन बोटं वर आली, कडेला थर पुस्तकाच्या पानांसारखे मोजता येत होते. वितळून गोठलेली पोळीपेक्षा थोडी जाड झाली, मधे चावली तर चिवट. ट्रे तिरका केला तर तिच्या बाजूला साचलेलं तूप चमच्याने गोळा करता आलं, दोन चहाचे चमचे भरले. तोच फोटो मी पाठवला. शेवटी अर्धे पैसे मिळाले, तेही पुढच्या खरेदीवर सूट म्हणून. ती मी वापरलेली नाही आणि वापरणारही नाही.

आता मी आमच्या भागातल्या फ्रोझन मालाच्या दुकानात स्वतः जाते, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, बर्फाची पिशवी घेऊन. तिथल्या दादांनी मला एक खूण शिकवली, ती एकटीच या सगळ्या लिखाणाइतक्या मोलाची आहे. “ताई, पाकीट डोळ्यासमोर आडवं धरून बघा. कौलासारखं वाकलेलं असेल तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे.” कारखान्यातून ते सपाट गोठूनच निघतं. वाटेत मऊ झालं तरच त्याला बाक येतो, आणि पुन्हा गोठलं की बाक तसाच राहतो. प्लॅस्टिकच्या आत पांढरा बर्फाचा भुगा दिसला तरी मी ते परत ठेवते. दादा अजिबात कुरकुर करत नाहीत, उलट आतल्या थप्पीतलं काढून देतात.

एका बाबतीत माझं मत पार बदललं. डिसेंबरमध्ये पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली आणि मार्जरीन बघून चिडले होते. मार्जरीन तोंडातल्या उष्णतेला पुरतं वितळत नाही, टाळूला एक मेणचट लेप राहतो. म्हणून बटरची शीट शोधून काढली, तेवढ्याच वजनाला ५४० रुपये, म्हणजे साधीच्या दुप्पट. चव अर्थातच चांगली, सुवास तर विचारूच नका. तेव्हा मी बहिणीला आणि दोन मैत्रिणींना ठासून सांगितलं होतं की मार्जरीनची घेऊच नका. ते आज मागे घेते आहे. एप्रिलमध्ये स्वयंपाकघर ३४ अंशांवर गेलं आणि बटरची शीट दहा मिनिटांत ओट्याला चिकटली. सुरी फिरवली की कड कापली न जाता ओढली जायची. सलग तीन पाकिटं फुकट गेली, सोळाशेवर रुपये. त्याच उकाड्यात मार्जरीनची शीट शांतपणे कापून झाली, कारण ते वितळायला जास्त उष्णता लागते. तेव्हा होळीपासून पाऊस पडेपर्यंत साधी, आणि थंडीत, पाहुणे येणार असतील तेव्हा बटरची, असं आता ठरलंय.

उन्हाळ्यात मी सकाळी साडेसहालाच कापून घेते. शीट आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये, ओट्यावर कधीच नाही. कडेपासून बोटभर आत सुरीने अर्धवट रेघ मारायची, मधल्या भागाला काट्याने टोचायचं, दोन चमचे सारण ठेवायचं, आणि सगळा ट्रे पुन्हा वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. ही वीस मिनिटं कंटाळ्याची वाटतात, पण मे महिन्यात याच एका गोष्टीने फरक पडला. ओटीजी दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं २०० अंशांवर तापवलेला हवा. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही. एकूण वीस-बावीस मिनिटं लागतात, तळ उचलून बघायचा, तोही बदामी झालेला हवा.

खर्चाचं सांगते. साधं पाकीट २६०, चक्क्याचं दूध साधारण ६०, साखर वगैरे १०, वीज १२. आठ नगांचे ३४२ रुपये, म्हणजे एक ४३ रुपयांना. पाकीट वाकलेलं निघालं तर मात्र हा सगळा हिशेब फिरतो, म्हणून तर मी त्या बाकापाशी इतकी अडून बसले आहे.

मुलगा अजून महिन्यातून एकदा मित्रांबरोबर कॅफेत जातो, त्याला माझी ना नाही. गेल्या रविवारी पहिला पाऊस झाला, स्वयंपाकघर जरा निवलं, तेव्हा उरलेलं एक बटरचं पाकीट काढलं. आठही नग वर आले. सासूबाईंनी एक खाल्ला, एक संध्याकाळच्या चहासाठी वाटीखाली झाकून ठेवला. फ्रीझरमध्ये आता साधी दोन आहेत, मटारच्या पिशव्यांवर नाही, बर्फाच्या ट्रेवर सपाट ठेवलेली.