मीडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थीत, तडजोड करून आठ महिने झाले, त्याचा हा अनुभव

भोसरीत आमचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. अकरा वर्षं जुन्या गिऱ्हाईकाने 'माल गंजलाय' म्हणत डेबिट नोटा (बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या) पाठवल्या आणि ११ लाख ४० हजार अडकवले. मी थेट केस टाकायला निघालो होतो. वकील म्हणाले, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर ३ लाख किंवा त्यावरच्या व्यापारी दाव्याला आधी मध्यस्थी करावीच लागते. वाणिज्य न्यायालय कायद्याचं कलम १२अ. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती बंधनकारकच ठरवली. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, ऑर्डरींनंतरची, त्यामुळे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या एमएसएमईच्या परिषदेकडे जायचं वकिलांनी टाळलं.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केला. फी ३० हजार, दोघांत निम्मी. पहिल्या नोटिशीला समोरून कुणी फिरकलंच नाही. दुसरीलाही आले नसते तर तसा अहवाल घेऊन कोर्टात जायचं, एवढंच. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

पण आले. पहिली बैठक निव्वळ भांडणात गेली. मध्यस्थ बाईंना मशिनिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला तेच खटकत होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं, "गंज नेमका कधी दिसला?" उत्तर दोघांकडेही नव्हतं. तिसऱ्या बैठकीला रिजेक्ट मालाची पोती आणली. व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणाऱ्या, पिशवीतले पार्ट लख्ख, साध्या प्लास्टिकमधले तांबूस. पिशव्या संपल्या म्हणून आमच्याच पोराने साधं प्लास्टिक वापरलं होतं. आणि गिऱ्हाईकाने ती पोती पावसाळाभर शेडबाहेर ठेवली होती. खोलीत कुणी बोलेना.

शेवटी ९ लाख ६० हजारांवर मिटलं, सहा हप्त्यांत. व्याजावर पाणी सोडलं, ते अजून सलतं. तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकी किंमत आहे, हप्ते बुडाले असते तर थेट वसुली लावता आली असती. शिवाय बैठकीत बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. नाहीतर पिशव्यांचं मी तिथे कबूल केलंच नसतं.

मला पैशापेक्षा उपयोगी पडलं ते एक कलम : माल पोचल्यापासून सात दिवसांत दोघांनी मिळून तपासायचा, नंतर डेबिट नोट नाही. या पावसाळ्यात एक लॉट अडला. त्यांचा फोन आला, मी स्कूटर काढून गेलो, ४० नग परत आणले, बाकीचं बिल पास. हप्ते सगळे आले, चौथा नऊ दिवस उशिरा. ऑर्डरी मात्र पूर्वीच्या निम्म्याच येतात. त्यांनी मधल्या काळात चाकणला दुसरा माणूस धरलाय.